सातव्या घराची निगेटिव्ह

१

मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला तेव्हा मामा दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा साबण तसाच वाळून गेला.

"मामा, सातवं घर गेलं."

मामांना वाटलं, पडलं. जुनं घर, कधीतरी पडायचंच. त्यांनी तसं म्हटलंही. भाची पलीकडून एकेक शब्द चावत म्हणाली, "पडलं नाही. चोरीला गेलं."

मामा म्हणजे चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला माणूस. चणीने लहान, अंगाने गोल आणि सदा कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना अनुस्वार म्हणत. भलेभले लेखक त्यांना टरकून असत. आता तपासायला मुद्रितं नव्हती, म्हणून मामा औषधांच्या वेष्टनांवरच्या चुका काढत आणि त्या दुरुस्त करायला कुणी नाही म्हणून दिवसभर धुसफुसत. या माणसाकडे भाचीने चोरी शोधायला यावं, यात नवल नव्हतं. पोलिसांना तिने विचारलं होतं. एक निगेटिव्ह आणि एक प्रिंट गेली म्हटल्यावर तिथल्या हवालदाराने, "मग दुसरी काढा," असा सल्ला दिला होता.

दुसरी काढता येत नव्हती, हेच तर दुखणं होतं. अडीच वर्षं भाचीने या एका पुस्तकापायी जिवाचं रान केलं होतं. बारा कादंबऱ्या, त्यांतली बारा घरं. कादंबरीतलं एक वाक्य ती निवडायची, त्या वाक्याला शोभेल असं जुनं घर शोधायची आणि मग तिपाईवर कॅमेरा लावून उजेडाची वाट बघत बसायची. नुसता ढगाळ दिवस तिला चालत नसे. ढग पातळ हवेत, भिंत ओली हवी, खिडक्या काळ्या दिसायला हव्यात पण मेलेल्या नकोत. सगळं काळं-पांढरं, सगळं फिल्मवर. सातव्या घरासाठी ती सहा आठवडे त्याच फुटपाथवर उभी राहिली होती. एका सकाळी चार मिनिटं हवा तो उजेड पडला आणि तिने चार फोटो घेतले. पुढच्याच महिन्यात घराच्या मालकाने पुढच्या भिंतीला निळा रंग दिला आणि वर पत्र्याची शेड ठोकली.

बुधवारी सगळ्या प्रिंट स्कॅन व्हायच्या होत्या. शुक्रवारी पुस्तक छपाईला जायचं होतं, शनिवारी प्रदर्शन.

"काल दुपारी कुणी कुणी बघितलं ते घर?" मामांनी विचारलं.

"चार माणसांनी," भाची म्हणाली. "चौघांनाही मी माझ्या हाताने चहा करून दिला."

२

भाचीचं सगळं काम मास्तरांच्या स्टुडिओत चाले. मास्तर बहात्तर वर्षांचे. शहरातल्या निम्म्या फोटोग्राफरांना त्यांनी शिकवलेलं. पुढे पासपोर्टचे फोटो काढायची खोली, मागे डार्करूम, आणि मधे एक लांब टेबल. सोमवारी दुपारी त्या टेबलावर भाचीने बाराही मोठ्या प्रिंट मांडल्या होत्या. बघायला मास्तर होते, मापं घ्यायला फ्रेमवाला आला होता, आणि सातव्या घराच्या कादंबरीचे वयोवृद्ध लेखक आपल्या सुनेला घेऊन आले होते, कारण प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. पाच वाजता भाची छापखान्यात गेली. साडेपाचला लेखक आणि सून गेले, सहाला फ्रेमवाला. सातला मास्तरांनी कुलूप लावलं. सकाळी भाची आली तेव्हा टेबलावर अकरा प्रिंट होत्या. कपाटातल्या फाइलमधून सातव्या घराची निगेटिव्हही गेली होती.

मास्तर खुर्चीत बसून होते. चेहरा ओढलेला. मामांनी विचारलं त्याला ते एका शब्दात उत्तर देत होते आणि मधेच म्हणत होते, "माझ्या छताखाली झालं, माझीच चूक." चूक कबूल करणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं, ते मामांना कळेना.

मामांनी फाइल उघडली. पातळ कागदाच्या कप्प्यांत निगेटिव्हच्या पट्ट्या ओळीने ठेवलेल्या. एका कप्प्यात दोनच फोटोंचा तुकडा होता, सहाव्या घराचा. बाकी सगळं जागच्या जागी. चोर असून पसारा नाही, याचाच मामांना राग आला. पसारा असता तर काहीतरी सापडलं असतं.

तिथून ते दोन गल्ल्या ओलांडून फ्रेमवाल्याकडे गेले. चाळिशीचा, तिरसट माणूस. स्वतःचं दुकान टाकण्याआधी त्याने दहा वर्षं मास्तरांच्याच डार्करूममध्ये काढली होती. भाचीने त्याच्या चौकटी दोनदा परत पाठवल्या होत्या, एकदा कोपरा उघडा राहिला म्हणून, एकदा काळा रंग फार चकचकीत म्हणून, आणि त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. त्याने करवत हातातून खाली न ठेवता सांगितलं की त्या बाईंचा सूडच घ्यायचा असता तर त्याने बाराही प्रिंटना वाकड्या चौकटी ठोकल्या असत्या. मामांना हे पटलं, आणि पटलं म्हणून आणखी वैताग आला.

निघताना फ्रेमवाल्याने एक गोष्ट मात्र आपणहून सांगितली. सोमवारी लेखक सातव्या प्रिंटपाशी आले तेव्हा त्यांचे पाय लटपटले. सुनेने खुर्ची ओढली, मास्तरांनी पाणी आणलं. पण पाण्याचा पेला लेखकांच्या हातात देताना मास्तरांचाच हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी प्रिंटच्या शेजारी सांडलं.

"दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही," फ्रेमवाला म्हणाला. "मुद्दाम न बघितल्यासारखं."

३

लेखकांना सोयीचं तेवढंच ऐकू येत असे. बाकीच्याची उत्तरं सून देई. सून स्वभावाने सरळ होती, म्हणजे जे हवं ते सरळ मागायची. तिने सातव्या घराचा फोटो कादंबरीच्या नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी मागितला होता आणि भाचीने, आधी माझं पुस्तक येऊ दे, म्हणून नकार दिला होता. मामांनी तो विषय काढल्यावर तिने लगेच कबूल केलं. वर हेही विचारलं की जो फोटो सगळ्यांना दाखवायचा तो चोरून ती काय करणार होती?

मग मामा लेखकांकडे वळले. छत्तीस वर्षांपूर्वी हीच कादंबरी मामांनी मुद्रितात वाचली होती. एक बाई एका दुपारी चार वर्षांच्या झोपलेल्या मुलाला मागे ठेवून घर सोडून जाते, एवढीच गोष्ट, पण ती दुपार लेखकांनी अशी रंगवली होती की लोकांना तोंडपाठ झाली. त्या बाईला लोकांनी नावंही पुष्कळ ठेवली. हे आपलं बालपणीचं घर, आणि ते केव्हाच पाडलं, असं लेखक प्रत्येक मुलाखतीत सांगत आले होते.

"मग काल फोटोत काय दिसलं तुम्हाला?" मामांनी मोठ्याने विचारलं.

लेखक म्हणाले की सगळी जुनी घरं सारखीच दिसतात.

मामांनी जुनी आठवण काढली. नायिकेच्या उजव्या मनगटावर घड्याळ आहे, असं कादंबरीत तीनदा येतं. बायका बहुधा डाव्या हातात घालतात. मामांनी तेव्हा समासात शंका काढली होती, आणि लेखकांनी त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, तसंच ठेवा. ते का, हे मामांना आज जाणून घ्यायचं होतं.

लेखकांचा चेहरा तापला. "तसंच ठेवा म्हटलं होतं ना? मग ठेवलंत ते बरं केलंत. आज काय त्याचं?"

सुनेने मामांना डोळ्यांनी दाराची वाट दाखवली. मामा चपला शोधत असताना आतून लेखकांचा आवाज आला, आता एकदम खालच्या पट्टीत.

"त्या मुलीला सांगा, अकरा घरंही पुष्कळ झाली."

४

बुधवारी सकाळी मामा कादंबरी काखोटीला मारून त्या घरासमोर उभे राहिले. भाची सोबत होती. स्कॅनिंगवाल्याला तिने कसंबसं गुरुवारवर ढकललं होतं आणि त्या गडबडीत तिची झोप, जेवण आणि सौजन्य, तिन्ही उडाली होती.

घर दुमजली, खाली दातांचा दवाखाना. मामा पुस्तक उघडून एकेक वाक्य पडताळू लागले, आणि पाच मिनिटांत त्यांचं डोकं फिरलं. कादंबरीत दारातून आत गेलं की जिना डाव्या हाताला. इथे उजव्या. कादंबरीत उजवीकडची खिडकी विटांनी बुजवलेली. इथे डावीकडची. कठड्याची मोडकी कड, भिंतीवरचा वाकडा दिवा, सगळं होतं, आणि एकही वस्तू धड तिच्या जागेवर नव्हती.

"हे ते घर नव्हेच," मामा म्हणाले. "काय बघून तू हे निवडलंस?"

भाचीने सांगितलं की ते तिलाही खटकलं होतं, पण लेखकाने घेतली असेल मोकळीक, म्हणून तिने सोडून दिलं. सातवं घर शोधून शोधून ती थकली होती. त्यात दाढ दुखायला लागली, म्हणून या दवाखान्यात आली. दाढ काढून घेतली, गालाला रुमाल लावून स्कूटर सुरू केली, आणि निघताना आरशात मागे बघितलं तर कादंबरीतलं घर उभं. ती इतकी दचकली की स्कूटर बंद पडली.

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मग तडक दवाखान्यात शिरले.

डॉक्टर एकेचाळीस वर्षांचा, शांत, मऊ बोलणारा माणूस होता. पेशंटने हातात धरून तोंडात बघायचा आरसा थोडा वेळ मिळेल का, असं एका अनोळखी म्हाताऱ्याने विचारल्यावर त्याने कारण न विचारता दिला. बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याचा जन्म याच घरातला. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. आई तो चार वर्षांचा असतानाच वारली. तिचा एकही फोटो घरात नाही, वडिलांना ते सहन होत नसे. कादंबऱ्या तो वाचत नाही. बाईंनी जुन्या घरांचं पुस्तक काढतेय म्हटलं, म्हणून त्याने आनंदाने परवानगी दिली होती.

मामा रस्त्यावर आले, घराकडे पाठ करून उभे राहिले आणि आरसा खांद्याच्या उंचीला धरला. जिना डावीकडे गेला. बुजवलेली खिडकी उजवीकडे आली. कादंबरी ओळीनओळ जुळली. राहिली होती एक गोष्ट. कादंबरीतल्या दारावर एक पाटी आहे, "कुठल्याशा अनोळखी लिपीतली," आणि ती लिपी कसलं प्रतीक यावर विद्वानांनी आजवर पोत्याने कागद खर्ची घातले होते. डॉक्टरच्या दारावर त्याच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी होती, रोजच्या साध्या अक्षरांतली. मामांनी आरसा तिच्यावर आणला. वेलांट्या उलट्या, काने उलटे. लांबून बघणाऱ्याला काय, अनोळखी लिपीच वाटली असती.

"अगं," मामा सावकाश म्हणाले, "तुझ्या लेखकाने या घरात कधी पाऊलच टाकलेलं नाही. त्याने हे घर एका फोटोत बघितलं. आणि तो फोटो उलटा छापलेला होता."

५

आता सगळं सुटलं असं मामांना वाटलं, आणि तासाभरात ते पुन्हा अडकलं. लेखक आयुष्यभर खोटं बोलले, भाचीच्या फोटोने ते उघडं पडणार होतं, म्हणून त्यांनी चोरी केली, हे सरळ होतं. पण सत्त्याहत्तर वर्षांचा, काठी टेकत चालणारा माणूस निगेटिव्हच्या साठ पट्ट्यांतून नेमकी एक कशी काढणार?

मामा स्टुडिओतल्या टेबलाशी फाइल घेऊन बसले होते. मास्तर बाहेर कुणाचा तरी फोटो काढत होते. मामांनी चिडून तो दोन फोटोंचा तुकडा भाचीपुढे सरकवला. म्हणाले, निदान ठेवताना तरी सारखे तुकडे कापत जा.

भाचीने तुकडा उजेडाच्या पेटीवर धरला. तिचा चेहरा बदलला.

"मी नाही कापला हा. मी नेहमी सहा-सहा फोटोंची पट्टी ठेवते. पहिले दोन सहाव्या घराचे होते, पुढचे चार सातव्याचे."

म्हणजे चोराने अख्खी पट्टी नेली नव्हती. केसाएवढ्या फटीत नेमकी कात्री चालवून आपल्याला हवे ते चार काढून घेतले होते आणि उरलेले दोन पुन्हा कप्प्यात सरकवले होते, ओरखडा न उठवता. दुसऱ्याच्या निगेटिव्हला धक्का लावायला ज्याचा जीव धजत नाही, असा हा चोर होता. असे दोघेच. फ्रेमवाला आणि मास्तर. आणि उलटा फोटो छापला गेला तेव्हा फ्रेमवाला पाच-सहा वर्षांचं पोर असेल.

"म्हणजे मास्तरांची चूक होती ती," मामा म्हणाले. चुका हा त्यांचा जन्माचा धंदा, त्यामुळे त्यांना पहिल्यांदा चूकच दिसली. "तरुणपणी निगेटिव्ह उलटी लावली. तीच लपवायला..."

"शक्य नाही," भाची म्हणाली. मास्तर अंधारात निगेटिव्हची कड ओठाला लावून बाजू ओळखायचे, एक बाजू किंचित चिकटते. शिकवलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते शंभरदा करायला लावलं होतं. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून एक उलटी प्रिंट गेलेली कुणी बघितली नव्हती.

मामांनी तो तुकडा पुन्हा कप्प्यात सरकवला. मग उठताना त्यांचा गुडघा कट्कन वाजला आणि ते त्यावरही रागावले. चुकून नाही, तर मुद्दाम. आणि मुद्दाम घर उलटं करतो तो ते ओळखू येऊ नये म्हणून.

बाहेरचं गिऱ्हाईक गेलं होतं. मामांनी मास्तरांना एकच प्रश्न विचारला. "ती बाई तुमची कोण?"

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी खालचा खण उघडला. टिपकागदात गुंडाळलेली प्रिंट होती आणि वेगळ्या कप्प्यात जपून ठेवलेली चार फोटोंची पट्टी. ती त्यांनी भाचीच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "फाडायला हात झाला नाही. फार चांगला फोटो आहे तो."

ती बाई त्यांची धाकटी बहीण. त्या दारात उभं करून त्यांनीच तिचा फोटो काढला होता, डाव्या मनगटावरच्या घड्याळासकट. नवऱ्याने तिला नोकरी करू द्यायची नाही असं ठरवलं होतं. एका दुपारी ती परगावी शिक्षिकेच्या नोकरीवर रुजू व्हायला निघून गेली. पंधरा दिवसांनी मुलाला न्यायला परत आली तेव्हा नवऱ्याने दार उघडलं नाही. पुन्हा आलीस तर मुलाला अशा ठिकाणी पाठवीन की तुला पत्ता लागणार नाही, असं त्याने खिडकीतून सांगितलं. पुढे मुलाला सांगितलं की आई वारली. त्या संतापात मास्तरांनी आपल्या एका मित्राला सगळी हकीकत सांगितली. मित्र लिहिणारा होता. त्याने फोटो मागितला. घर कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मास्तरांनी तो उलटा छापून दिला, आणि मित्राने वचन पाळलं. घर आपलंच होतं आणि पाडलं, असं जन्मभर सांगत राहिला.

"माझा भाचा, तो डॉक्टर, एकदा पासपोर्टचा फोटो काढायला इथे आला होता," मास्तर म्हणाले. "मी त्याला हनुवटी जरा वर करायला सांगितलं. बाकी काही बोललो नाही. आता हे पुस्तक आलं की तो कादंबरी वाचेल. आई वारली नाही, टाकून गेली, हे त्याला चाळिशीत कळायचं? आणि तिला, या वयात, लोकांनी बोट दाखवायचं?"

भाचीने प्रिंट आपल्याकडे ओढून घेतली. आपल्याला नुसतं सांगितलं असतं तर आपणच तो फोटो काढून ठेवला असता, असं ती म्हणाली. मास्तर म्हणाले की सांगायचं म्हणजे कारणही सांगावं लागलं असतं.

"बहीण आहे?" मामांनी विचारलं.

"आहे. निवृत्त झाली. एकटी राहते."

"तिला विचारलंत?"

मास्तरांनी मान वर केली.

"मित्राला गोष्ट देताना विचारलं नाहीत, ते समजलं. तेव्हा राग होता. पण त्यानंतर? मुलाचा बाप गेल्यावर? परवा ती पट्टी कापताना? एकदा तरी?"

मास्तर टेबलावरच्या फोनकडे बघत राहिले.

६

फोन मास्तरांनीच लावला. बहिणीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मास्तरांनी मधे दोनदा, ऐकतेस ना, असं विचारलं. मग ती बोलू लागली. तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा होता, त्यामुळे समोर बसलेल्या दोघांनाही सगळं ऐकू आलं.

"पुस्तक आलं त्याच वर्षी मी ते वाचलं, दादा. घर उलटं केलंस म्हणून मी माझं घर ओळखणार नाही? आधी माझी गोष्ट त्याला देऊन टाकलीस, मला न विचारता. मग लपवलीस, तीही मला न विचारता. दर वेळी मी म्हटलं, मुलाला पत्र लिहिते, की तू म्हणायचास, तो आता सुखात आहे, कशाला. एकाने माझं मरण जाहीर केलं आणि तू ते सांभाळत बसलास."

मास्तरांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला.

"आता नको," ती म्हणाली. "त्या फोटोवाल्या मुलीला फोन दे."

भाचीला तिने एवढंच विचारलं की पुस्तक छापायला कधी जाणार. शुक्रवारी, असं कळल्यावर म्हणाली, "उद्या मी येते. ते पान ठेवायचं की काढायचं, ते मी माझ्या मुलाशी बोलून सांगेन. तोवर कुणीही माझ्या भल्यासाठी काही करू नका."

गुरुवारी दुपारच्या बसने ती उतरली. ताठ, पांढऱ्या केसांची बाई, हातात एकच पिशवी. मास्तर न्यायला आले होते. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. तुझ्या मित्राशीही मला बोलायचंय, पण ते नंतर, एवढं म्हणून तिने मामांना सोबत चलण्याची विनंती केली. मामांनाच का, हे मामांना कळलं नाही. ते तिच्या कुणाचेच कुणी नव्हते, कदाचित म्हणूनच.

दवाखान्यात पाच पेशंट होते. तिने काउंटरवरच्या बाईला आपलं नाव सांगितलं, स्पष्ट, नवऱ्याच्या आडनावासकट, आणि बाकावर जाऊन बसली. मामा शेजारी बसले. भिंतीवर दात कसे घासावेत याचा तक्ता होता. मामांना त्यात दोन चुका दिसल्या आणि त्यांनी मान फिरवली. एक पेशंट आत गेला, बाहेर आला. दुसरा गेला. तिसऱ्याला तर पाऊण तास लागला. मामांच्या पायाला मुंग्या आल्या. स्कॅनिंगवाला किती वेळ थांबणार, असा भाचीचा फोन दोनदा येऊन गेला. बाई मात्र हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. एकदाच म्हणाली, "जिन्याचा रंग बदललाय."

दार उघडलं. डॉक्टर स्वतःच बाहेर आला, हातातली चिठ्ठी बघत. नेहमीच्या सवयीने त्याने नाव अर्धं वाचलं आणि थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून, हळू वाचलं. हे नाव त्याने आजवर आपल्याच कागदपत्रांवर लिहिलं होतं, आईच्या नावाच्या रकान्यात.

ती उभी राहिली.

मग डॉक्टरने काउंटरवरच्या बाईला सांगितलं की राहिलेल्यांना उद्या सकाळी बोलवा. आई आत गेली आणि दार लागलं.

मामा बाहेर पायरीवर जाऊन बसले. भाचीचा तिसरा फोन आला, काय झालं? काही कळलं नाही, मामा म्हणाले. मग काय सांगू त्याला? थांब म्हणावं. पण किती? "अगं, मला काय विचारतेस, दाराला कान लावून बसू का?" मामा खेकसले. आतून आवाज येत नव्हता. मग एकदा आला, बाईचा, चढलेला. मग डॉक्टरचा, त्याहून चढलेला. खुर्ची सरकली. मामांना वाटलं, संपलं, आता ती बाहेर येणार. पण पुन्हा सगळं शांत झालं.

सव्वासहाला दोघं दारात आले. दोघांचेही डोळे लाल होते. डॉक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, पण तिची पिशवी त्याच्या हातात होती.

"ती कादंबरी तुमच्याकडे आहे, असं या म्हणाल्या," तो मामांना म्हणाला. "वाचायला द्याल?"

मामांनी काखेतलं पुस्तक पुढे केलं.

"एकट्याने वाचू नकोस," ती मुलाला म्हणाली. "त्यात चुका पुष्कळ आहेत. मी शेजारी बसून सांगेन."

मग ती मामांकडे वळली. "त्या मुलीला म्हणावं, पान राहू दे. सरळ छाप."

मामांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावायला घेतला. दोनदा त्यांच्याच हातून नंबर चुकला.